पडद्यांनी एकमेकांशी बोलायचं नाही

सरांनी माझ्या नोकरीच्या पहिल्याच दिवशी माझ्या हातातलं घड्याळ काढायला लावलं.

"हापिसात वेळ एकाच ठिकानी असतीय," ते म्हणाले आणि त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. भिंतीवरचं घड्याळ सात मिनिटं मागं होतं. मी तसं म्हटलंही.

"सगळ्यांसाठी मागं हाय ना? मंग चालंल. चूक असली तरी सगळ्यांची मिळून एकच पायजे."

मोबाईल टेबलावर पालथे ठेवायचा नियमही त्यातलाच. शेवगावला घरी जायची संध्याकाळची एस. टी. मात्र आमच्या भिंतीकडे बघून सुटत नव्हती. पहिल्या आठवड्यात ती माझी तीनदा चुकली आणि तिसऱ्या वेळी मी सावेडीत एक खोली बघितली. मी नगरला राहायला आले ती सरांच्या तत्त्वामुळे, असं मी अजूनही सांगते.

आमचं ऑफिस म्हणजे सावेडीत एका हार्डवेअरच्या दुकानावरच्या दोन खोल्या. सर, माझ्या आधी दोन वर्षं लागलेला अस्लम, मी, आणि चहापाणी-झाडलोट बघणाऱ्या मंगलताई. दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर लिहायचं हे काम. सरांचं वय पन्नाशीच्या आसपास, अंगानं काटक, पँट बरगड्यांपर्यंत ओढलेली, पायात रबरी चपला. एक पेन खिशात, आणि ऑफिसात दुसरं पेन ठेवायला बंदी. कागदाची झेरॉक्स काढायची म्हटली की त्यांचा चेहरा असा व्हायचा की जणू आपण खोटी सही करायला निघालोय. "झेरॉक्स काडली त्या मिन्टाला दोन कागद झाले," ते म्हणायचे. "आता एक बदलला तर दुसऱ्याला कोन सांगनार? तू सांगनार?" मी सांगीन, असं मी एकदा म्हणाले. त्यावर त्यांनी माझ्याकडे इतक्या दयेनं पाहिलं की मी पुन्हा कधी म्हटलं नाही.

त्याआधी ते एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचे. तिथून बाहेर कसे पडले ते अस्लमनं सांगितलं. कॉलेजात मुलांची हजेरी तीन ठिकाणी असायची. एक मास्तरांच्या वहीत, एक ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर आणि एक विद्यापीठाला पाठवायची. तिन्ही वेगवेगळ्या. सर प्राचार्यांकडे गेले आणि यातली खरी कुठली, एवढंच विचारलं. प्राचार्य सरळ माणूस असावेत. ते म्हणाले, "ज्याला जी लागेल ती." दुसऱ्या दिवशी सरांनी राजीनामा दिला. राजीनाम्याची प्रतही त्यांनी स्वतःकडे ठेवली नाही.

असा माणूस बोलायचा मात्र दोन भाषा. आमच्याशी पारनेरची, दवाखान्याच्या ट्रस्टींशी थेट पुस्तकातली. ट्रस्टींचा फोन आला की "हाय", "न्हाई" सगळं टेबलाखाली जायचं आणि "आपल्या निदर्शनास आणून देऊ इच्छितो" वगैरे वर यायचं. अस्लमनं एकदा धीर करून विचारलं, "सर, हे दोन कसं चालतं तुम्हाला?"

"भाषा म्हंजे नुसता पडदा हाय. मागची गोष्ट एकच ऱ्हाती."

पडदा म्हणजे स्क्रीन. या शब्दावरच आमचं सगळं काम उभं होतं, म्हणून ते जरा सांगते. एकच माहिती दवाखान्यात चार माणसांना चार तऱ्हांनी बघायची असते. डॉक्टरांना चित्र हवं, सिस्टरला यादी हवी, ऑपरेशन थिएटरबाहेर टीव्हीवर मोठी अक्षरं हवीत. नुसतं बघायचं असतं तर सोपं होतं. पण प्रत्येकाला आपापल्या पडद्यावरून ती माहिती बदलायचीही असते. एकानं बदललं की बाकीच्यांकडेही बदललं पाहिजे. कसं, हा प्रश्न.

मी नवी असताना सरांनी मला दोनच पडदे दिले आणि ते जुळवायला सांगितले. मी सरळ मार्ग धरला. पहिला बदलला की त्यानं दुसऱ्याला सांगायचं, दुसरा बदलला की त्यानं पहिल्याला. चालू केलं आणि कॉम्प्युटरचा पंखा भरारा फिरायला लागला. पडदा थरथरत राहिला, मग अडकला.

सरांनी मला आणि मंगलताईंना दारात समोरासमोर उभं केलं. "तुमी दोघी विहिनी. दार एक हाय. एकमेकीला मान द्या."

"तुम्ही आधी," मी म्हणाले.

"न्हाई, न्हाई, तुमी आदी," मंगलताई म्हणाल्या.

सर बसून चहा प्यायले. आम्ही त्यांचा कप संपेपर्यंत मान देत होतो. मंगलताईंना त्यात मजा वाटायला लागली होती. "ह्ये चाललंय तुज्या मशिनीत," ते शेवटी म्हणाले. "पडद्यांनी एकमेकांशी बोलायचं न्हाई. मूळ नोंद एक. पडद्यानं नोंदीला इचारायचं, बदलू का? नोंद बदलली की ती समद्यांना कळवनार. ज्यानं बदल मागितला त्यालाबी परत कळवनार. आपन सांगितलं म्हंजे झालंच, ही घमेंड हाय."

आणखी एक नियम होता. दोन माणसांनी एकाच वेळी एकच गोष्ट बदलली तर? बाकीच्या सॉफ्टवेअरमध्ये शेवटी बोलेल त्याचं खरं धरतात. सरांना ते ग्रामसभेसारखं वाटे. त्यांच्या पद्धतीत प्रत्येक नोंदीला पान क्रमांक असे, आणि बदल मागणाऱ्यानं आपण कुठलं पान वाचून बोलतोय ते सांगायचं. पान जुनं असेल तर बदल नाकारायचा आणि आधी नवं पान दाखवायचं. सॉफ्टवेअरमध्ये ही युक्ती उत्तम चालते. सर ती माणसांवरही चालवायचे.

"सर, चहा संपलाय," अस्लम म्हणे.

"कुठलं पान?"

"मघाचं."

"त्येच्यानंतर मंगलताईंनी पुन्यांदा टाकलाय. जा, बघून ये."

ही पद्धत त्यांच्या घरात कशी चालली, ते त्यांच्या बायकोनं, बाईंनी सांगितलं. बाई शाळेत शिकवायच्या आणि दिवाळीला आम्हाला फराळाला बोलवायच्या. सरांच्या पुतणीचा साखरपुडा काष्टीला होता. दोन दिवस आधी कार्यालय बदललं. सर पुढं झाले, म्हणाले: कुणी कुणाला परस्पर कळवायचं नाही, गोंधळ होतो. ज्यांना बदल कळायला हवेत त्यांनी आपला नंबर माझ्याकडे नोंदवावा, मी एकट्यानं सगळ्यांना कळवीन. आणि त्यांनी कळवलं, नोंदवलेल्या प्रत्येकाला, दोन-दोनदा. नवऱ्या मुलाच्या मामांनी नंबर नोंदवला नव्हता. मुलाचा मामा स्वतःचा नंबर कशाला कुणाकडे नोंदवील? ते पहिल्या कार्यालयात चार वाजेपर्यंत एकटे बसले होते. तिथल्या वॉचमननं त्यांना शेंगदाणे दिले.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. मामा आले ते पेटूनच आले. सगळे हात जोडतायत, आणि हे त्यांना शांतपणे सांगतायत की तुमची नोंदणी न्हाई."

सर लाडू खात होते. "न्हवतीच," ते म्हणाले.

एवढं सगळं मी हसून सांगते. पण ज्या दवाखान्याचं काम आमच्या ऑफिसचा मुख्य आधार होता, त्याबद्दल मला इतक्या सहज बोलता येत नाही.

तो एका ट्रस्टचा डोळ्यांचा दवाखाना होता. तिथं तीन पडदे होते. डॉक्टरांच्या पडद्यावर दोन डोळ्यांचं चित्र. ऑपरेशन ज्या डोळ्याचं, त्यावर बोट ठेवलं की तो लाल व्हायचा. वॉर्डात सिस्टरकडे यादी: नाव, कॉट नंबर, उजवा की डावा. आणि थिएटरच्या दाराशी टीव्ही, आत जाणाऱ्या पेशंटचं नाव आणि डोळा. मागं मूळ नोंद एकच, सरांच्या नियमानं.

तक्रार एवढीच होती की टीव्हीवर बदल दिसायला चार-पाच सेकंद लागत. थिएटरच्या नर्सेस वैतागल्या. एका ट्रस्टींनी दोनदा फोन केला. सर आईच्या कामाला चार दिवस पारनेरला गेले होते. "आल्यावर बघतो," म्हणाले. ट्रस्टींचा तिसरा फोन मी घेतला.

मी प्रोग्राममध्ये सहा ओळी लिहिल्या. यादीत बदल झाला की तो परस्पर टीव्हीला जाईल आणि मूळ नोंदीला मागाहून कळेल. विहिणींचा घोळ होऊ नये म्हणून अशीही सोय केली, की यादीकडून एकदा ऐकलं की त्या पेशंटबद्दल टीव्हीनं पुन्हा नोंदीचं ऐकायचं नाही. टीव्ही चटकन बदलायला लागला. ट्रस्टींनी फोन करून कौतुक केलं. ते मी ठेवून घेतलं. सर परत आले तेव्हा त्यांना सांगायचं होतं. आज सांगू, उद्या सांगू, असे तीन आठवडे गेले.

मग मोतीबिंदूचं शिबिर आलं. शेवगाव-पाथर्डीकडची माणसं सकाळपासून वॉर्डात बसली होती. नर्सेसना मदत करायला मी तिथंच होते. त्यात एक आजोबा होते. चाळीस वर्षं ऊसतोडीला गेलेले, हाताची बोटं अर्धी मिटलेलीच राहायची. सकाळी यादीत त्यांचा उजवा डोळा भरला गेला. तो लगेच टीव्हीवर गेला. नंतर डॉक्टरांनी तपासलं, उजवा नाही, डावा करायचा, म्हणून चित्रातला डावा डोळा लाल केला. नोंद बदलली. यादी बदलली. टीव्ही बदलला नाही, कारण कुणाचं ऐकायचं नाही ते मी त्याला शिकवलं होतं.

थिएटरच्या दारात मेट्रन सिस्टर उभ्या असायच्या. सॉफ्टवेअर येवो की जावो, प्रत्येक पेशंटला तोंडी विचारायची त्यांची जुनी सवय होती. त्यांनी टीव्हीकडे पाहिलं आणि स्ट्रेचरवर वाकल्या.

"आजोबा, उजवा डोळा ना?"

"बाई," आजोबा म्हणाले, "उजव्यानं तर तुमी दिसताय मला. त्योच उघडायला घेतला तर म्या कशानं बघू?"

सिस्टरांनी स्ट्रेचर थांबवलं. वॉर्डातली यादी मागवली, डॉक्टरांचा पडदा बघितला. मग त्या माझ्याकडे वळल्या. ओरडल्या नाहीत. "तुमच्या सरांना बोलवा," एवढंच म्हणाल्या.

सर स्कूटरवरून वीसेक मिनिटांत आले. तोवर मी भिंतीला पाठ लावून उभी होते. सरांनी तिन्ही पडदे पाहिले. माझा लॅपटॉप मागितला. त्या सहा ओळी शोधायला त्यांना एक मिनिट लागलं असेल. वाचल्या, लॅपटॉप मिटला आणि मला परत दिला.

तोवर ट्रस्टीही येऊन उभे राहिले होते. सर त्यांच्याशी आणि सिस्टरांशी त्या पुस्तकी भाषेत बोलले.

"हा बदल मी केला. घाईत केला, कुणालाही न विचारता केला. यात दुसऱ्या कुणाचाही दोष नाही. आपण हे सॉफ्टवेअर आत्ताच्या आत्ता बंद करावं, अशी माझी विनंती आहे."

सिस्टर त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग एकदा माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडायचंच होतं तर मी त्या क्षणी उघडायला हवं होतं. मी उघडलं नाही.

सर मग वॉर्डात बसले आणि डॉक्टरांच्या पडद्यावरून एकेक पेशंटचं नाव आणि डोळा स्वतःच्या हातानं एका कागदावर उतरवून घेतला. प्रत्येक कॉटपाशी जाऊन विचारून खात्री केली. तो कागद थिएटरच्या दारावर चिकटवला. एका नर्सनं मोबाईलवर त्याचा फोटो काढला, तो त्यांनी तिला पुसायला लावला. संध्याकाळपर्यंत सगळी ऑपरेशन्स झाली. दुसऱ्या दिवशी आजोबांची पट्टी सोडली तेव्हा मी मुद्दाम गेले होते. ते बराच वेळ भिंतीकडे बघत होते. "रात्रीतनं रंग दिला व्हय?" त्यांनी विचारलं.

आदल्या दिवशी दवाखान्यातून परतताना मी सरांच्या स्कूटरवर मागं बसले होते. ते रागावतील म्हणून मी वाट बघत होते. ऑफिसच्या जिन्यात ते थांबले.

"त्या सहा ओळी तूच पूस. म्या पुसल्या तर तुला शिकायला मिळायचं न्हाई."

"सर, तुम्ही खरं का नाही सांगितलं?"

"तुजं नाव घेतलं असतं तर नगरातला एकबी दवाखाना तुला दारात उभी करनार न्हवता. तुजं सारं आयुष्य जायचंय अजून."

"पण तुम्हीच म्हणता ना, खरी नोंद एकच..."

"त्ये म्या सॉफ्टवेअरबद्दल म्हनलो हुतो," ते म्हणाले आणि वर गेले.

दोन आठवड्यांनी ट्रस्टचं पत्र आलं. काम थांबवलं होतं. कारण लिहिलं नव्हतं. इतर दवाखान्यांना काय कळलं कोण जाणे, पण एकेक करून तेही गळले. सरांनी कुणालाच समजावायला फोन केला नाही. अस्लम पुण्याला गेला. चार महिन्यांनी मीही गेले. सरांनी खोल्या सोडल्या आणि पारनेरजवळच्या गावी जाऊन वडिलोपार्जित शेतात कांदा लावला. बाईंची नोकरी होती म्हणून बरं, असं लोक म्हणायचे. त्या सहा ओळींनी एक माणूस गावी गेला, हे सरांशिवाय मला एकटीलाच माहीत आहे, असं मी धरून चालले होते. पुण्यात मला बढत्या मिळत गेल्या. मुलाखतीत कुणी विचारलं की अनेक पडदे एकमेकांशी कसे जुळवायचे, तर मी सरांचं उत्तर जसंच्या तसं सांगायची आणि समोरचे माना डोलवायचे.

गेल्या वर्षी आईचा मोतीबिंदू पिकला. पुण्याला यायला ती तयार नव्हती. "नगरच्या दवाखान्यात शेजारनीचा चांगला झालाय," म्हणाली. तोच दवाखाना. मला जावं लागलं.

मेट्रन सिस्टर अजून होत्या, निवृत्तीला थोडेच महिने राहिले होते. आईला आत नेल्यावर मी त्यांच्या खोलीत गेले, ओळख दिली, आणि बसायच्या आत बोलून टाकलं. तो बदल मी केला होता. सरांनी माझ्यासाठी अंगावर घेतलं.

सिस्टर हातातलं लिहिणं पूर्ण करत होत्या. "मला त्याच दिवशी कळलं होतं," त्या म्हणाल्या. "बोलत होते ते, आणि चेहरा पांढरा पडला होता तुझा."

मी खुर्ची ओढून बसले. मग मी म्हणाले, "कळलं होतं तर त्यांचं काम का थांबवलंत? त्यांचा काय दोष होता?"

"ट्रस्टला मीच सांगितलं थांबवायला. चूक झाली म्हणून नाही. चुका आमच्याही होतात. तुम्ही दुरुस्त केली असतीत." त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "ते माझ्या तोंडावर खोटं बोलले. चांगल्या मनानं बोलले, ते दिसत होतं मला. पण मी तिथं दारात उभी असते. उद्या पडद्यावर डावा आला तर मी काय समजायचं? डावा आहे, की कुणाला तरी वाचवायचं आहे?"

त्या उठल्या, माझ्या पाठीवर हात ठेवला. "त्यांनी तुझं नाव घेतलं असतं तर मी तुला चांगलं झापलं असतं, आणि काम चालू ठेवलं असतं," त्या म्हणाल्या आणि राउंडला गेल्या.

मी बाहेर बाकावर बसले. आईला यायला अजून अर्धा तास होता. सरांचा नंबर होता माझ्याकडे, दिवाळीला बोलणं व्हायचं. मी फोन लावला. पलीकडे वारा होता आणि कुठंतरी मोटार चालू होती. मी कुठं आलेय ते सांगितलं.

"आईचा कुठला डोळा?"

"डावा."

"हां." मग त्यांनीच विचारलं, "त्या मेट्रन हायत का अजून?"

"आहेत. आत्ताच भेटले त्यांना."

"काय म्हनल्या?"

"तुमची आठवण काढली. सॉफ्टवेअर चांगलं होतं म्हणाल्या."

ते काहीतरी पुटपुटले. मोटार बंद झाली असावी, कारण एकदम त्यांचा आवाज जवळ आला. "मंग बंद का केलं, ते कदी बोलल्या का? म्या लई इचार केला त्येचा. चूक कबूल केली, लगोलग बंद करायला सांगितलं, समदं नीट केलं हुतं."

कॉरिडॉरच्या टोकाला सिस्टर एका म्हातारीच्या कॉटवर वाकून काहीतरी विचारत होत्या.

"ट्रस्टींच्या ओळखीची पुण्याची कंपनी होती सर," मी म्हणाले. "त्यांना आधीपासूनच ती आणायची होती. तुम्ही काहीही केलं असतं तरी तेच झालं असतं."

"म्हंजे त्या दिवसाचं काय न्हाई?"

"काही संबंध नाही."

ते म्हणाले, "बरं झालं सांगितलंस." आणि आई बाहेर येईपर्यंत ते कांद्याबद्दल बोलत राहिले, इतकं मोकळं की मी त्यांना तसं कधी ऐकलं नव्हतं.